जाड काळ्या रेघा, गहिरे रंग : तीन बाय चार फुटांचं अमूर्त चित्र विदर्भाच्या हवेत कसं करावं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जगभर अशी चित्रं झाली, ज्यांत ओळखीचं काहीच नसतं, फक्त जाड काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये भरलेले लाल, पिवळे, निळे रंग. आपल्या भागाचा या चित्रांशी जवळचा संबंध आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. तिथल्या खेड्यांची त्यांची चित्रं काळ्या, राकट रेघांवर उभी होती. १९५६ मध्ये पॅरिसच्या समीक्षकांचं पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटात असलेले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. बिंदू हा रझांचा विषय नंतरचा. या लेखाचा संबंध त्याच्या आधीच्या, काळ्या रेघांच्या काळाशी आहे.

असं चित्र करायला बसणाऱ्यांची पहिली गफलत ठरलेली असते. आधी रंग भरायचे आणि मग काळ्याने गिरवायचं. त्यातून रंगवायच्या पुस्तकाचं पान तयार होतं. काळी रेघ ही दोन रंगांमधली हद्द नाही. तिला स्वतःची रुंदी आहे, वजन आहे, पोत आहे आणि दोन कडा आहेत, म्हणजे तोही एक आकारच आहे. खाली जे काही सांगितलं आहे, लाकडापासून वॉर्निशपर्यंत, ते ही एक गोष्ट धरून आहे. आणखी एक कारण आहे. सगळ्या रंगांत काळा रंगच साहित्य म्हणून सर्वांत जास्त त्रास देतो. तो उशिरा वाळतो, फिका पडल्यासारखा दिसतो, तडकतो, उन्हात तापतो. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हे सगळं जरा जास्तच होतं.

कोणत्या महिन्यात काम काढावं

दसऱ्यापासून होळीपर्यंत. या दिवसांत हवा कोरडी असते, धूळ कमी असते आणि रंगाला हाताळायला वेळ मिळतो. एप्रिल-मेमध्ये पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. काम थांबवायचं नसेल तर पहाटे पाच ते नऊ एवढाच वेळ धरा. स्टीलच्या ताटात ओलं सुती फडकं पसरून त्यावर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंग काढा, तो तासन्तास ओला राहतो. कुलरसमोर चित्र कधीच ठेवू नका. त्याच्या हवेतले पाण्याचे थेंब ओल्या काळ्यावर पडले की पांढुरके ठिपके राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत उलट अडचण येते. दहा अंशांच्या खाली अ‍ॅक्रिलिकचा थर नीट जुळत नाही, वाळल्यावर भुसभुशीत राहतो. तेव्हा सकाळी दहानंतरच रंगाला हात लावा. पावसाळ्यात मांडणी, कच्ची रेखाटनं आणि फ्रेमचं सुतारकाम उरका.

चौकट

तीन बाय चार फूट हा आकार मुद्दाम सुचवतो आहोत. जाड रेघेला खांद्यापासून हात फिरवायला जागा लागते आणि यापेक्षा लहान कापडावर मनगट काम करू लागतं. याहून मोठं केलं तर ते दारातून नेणं आणि गाडीत घालणं जड जातं.

लाकूड वाळलेलं, सरळ रेशाचं सागवान घ्या. दोन इंच रुंद आणि एक इंच जाड पट्टी, एकूण सतरा फूट लागते: चौदा फूट परीघ आणि मधली आडवी पट्टी तीन फूट. कापाकापी धरून एकोणीस फूट आणा. सुताराला तीन गोष्टी नीट सांगाव्या लागतात, कारण रोजच्या दार-खिडकीच्या कामात त्या येत नाहीत.

पहिली, पट्टीच्या समोरच्या बाजूला आतल्या दिशेने रंध्याने उतार द्यायचा, म्हणजे बाहेरच्या कडेपेक्षा आतली कड तीन-चार मिलिमीटर खाली जाईल. उतार नसेल तर कापड आतल्या कडेवर टेकतं आणि वर्षभरात चित्रावर चौफेर एक सरळ वळ उमटतो. मधली पट्टीही तितकीच खाली बसवायची. दुसरी, कोपरे खाचेत बसवायचे, पण खिळे मारायचे नाहीत आणि डिंकही लावायचा नाही. प्रत्येक कोपऱ्यात आतून दोन पातळ लाकडी पाचरी बसतील अशी फट ठेवायची. कापड पुढे सैल पडलं की याच आठ पाचरी हलक्या हाताने ठोकून ते ताठ करता येतं. तिसरी, काटकोन. तीन बाय चारच्या चौकटीचा कर्ण बरोबर पाच फूट भरतो. दोन्ही कर्ण मोजा. पाव इंचाचा फरक असला तरी कोपरे हलवून दुरुस्त करा, कापड ताणल्यावर ते जमत नाही.

उधईच्या भीतीने लाकडाला जळकं ऑइल किंवा रॉकेल चोपडायची आपल्याकडे सवय आहे. चित्राच्या चौकटीला ते बिलकुल लावू नका. तेल कापडात चढतं आणि काही महिन्यांनी पिवळट डाग होऊन समोर येतं, वर रंगही धरत नाही. उधईचा खरा उपाय म्हणजे चौकट मातीच्या जमिनीला किंवा भिंतीला टेकू न देणं. काम चालू असताना ती दोन विटांवर उभी करा.

कापड आणि अस्तर

तयार कॅनव्हास मिळाला तर दहा-बारा औंसाचा सुती घ्या. नाहीतर तालुक्याच्या बाजारातला जाड मांजरपाट चालतो. अट एकच, तो आधी धुवायचा. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि ती असेपर्यंत अस्तर धाग्यात मुरत नाही. गरम पाण्यात रात्रभर भिजवा, साबणाने धुवा, सावलीत वाळवा. कापड इथेच आटून घेतं. अठ्ठेचाळीस इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर आणलं तर आटूनही ४२ बाय ५४ इंचांचा तुकडा निघतो, म्हणजे चारी बाजूंनी तीन इंच मोड.

ताणताना सुरुवात बाजूंच्या मध्यापासून करा. एका बाजूच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या बाजूला ओढून दुसरी, मग उरलेल्या दोन बाजू. नंतर मध्याकडून कोपऱ्यांकडे दर दोन इंचांवर. कापडाचे धागे पट्टीला समांतर राहताहेत का, हे सतत बघा. तिरपे गेले तर कोपऱ्यात सुरकुती पडते आणि ती अस्तराने जात नाही. पहिल्यांदा फार ताणू नका. अस्तराच्या पाण्याने सुती कापड आवळतं, आधीच कचकचीत ताणलेली चौकट मग पिळली जाते आणि एक कोपरा भिंतीपासून उचललेला राहतो.

पहिला थर पातळ डिंकाचा. पांढरा फेविकॉल एक भाग, पाणी चार भाग, साधारण दोनशे मिलिलिटर मिश्रण पुरतं. फडक्याने चोळून लावा आणि दिवसभर वाळू द्या. हा डिंक वर्षांनी पिवळा पडतो, म्हणून तो फक्त खाली, धाग्यांच्या फटी बुजवण्यापुरता. त्यावर अस्तर. तयार अ‍ॅक्रिलिक जेसो परवडत असेल तर तोच घ्या, तीन थरांना अर्धा लिटर लागतो. सरावाच्या कामाला घरचं अस्तर चालतं: बाहेरच्या भिंतीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन भाग, वस्त्रगाळ केलेली खडू पावडर एक भाग, पाणी अर्धा भाग. खडू जास्त झाला तर अस्तर ठिसूळ होतं आणि तडा अस्तरातच जातो, मग वरचा रंग कितीही महागाचा असो. तपासायला उरलेल्या चिंधीवर दोन थर द्या, वाळल्यावर बोटाभोवती गुंडाळा. केसासारखी रेष दिसली की इमल्शन वाढवा.

थर तीन द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येकानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. बाजारात सुटा मिळणारा जस्ताचा सफेदा अस्तरात टाकू नका. तेलरंगाच्या खाली जस्ताचा थर काळाच्या ओघात कडक होतो, तडकतो, पापुद्र्यासारखा सुटतो.

मांडणी : काळ्या मातीच्या भेगा

विषय अमूर्त असला तरी रेघा हवेतून येत नाहीत. मेमध्ये आपल्या वावरात जा. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून हातभर खोल भेगा पडतात. या भेगांकडे नीट पाहिलं की मांडणीचे नियम तिथेच सापडतात. वाळणाऱ्या मातीत पहिली भेग मोकळी धावते. नंतरची भेग तिच्यापाशी येऊन अडते आणि जवळपास काटकोनात थांबते. म्हणजे जोड बघून कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येतं. वारंवार भिजून-सुकून मुरलेल्या जागी मात्र तीन भेगा एकाच बिंदूत, सारख्या कोनांनी मिळू लागतात. पहिल्या प्रकारच्या जोडात ताण असतो, दुसऱ्यात समतोल. चित्रासाठी आम्ही पहिला प्रकार निवडू. सगळे जोड दुसऱ्या प्रकारचे झाले की मधमाश्यांच्या पोळ्याची जाळी दिसू लागते आणि नजर कुठेच थांबत नाही.

सुताच्या दोरीने दीड फूट बाय दोन फुटांची चौकट जमिनीवर मांडा आणि सरळ वरून फोटो काढा. तीन-चार जागी हेच करा. आता फोटोतल्या सगळ्या भेगा उतरवायच्या नाहीत, पाच ते सात उचलायच्या. वेचणी संपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीच्या काटक्या, टेकडीवरून दिसणारे धुरे, बंडीच्या चाकाचे आरे यांवरूनही असंच करता येतं. पण पहिल्या चित्राला भेगाच घ्या, त्यांच्यात शोभेचा मोह नसतो.

कच्ची रेखाटनं तीन इंच बाय चार इंचांवर करा, इंचाला एक फूट हे माप बसतं. रेघ पेनने काढू नका. काळा कागद पट्ट्यांत कापून रंगीत कागदावर सरकवत बसा. पट्टीला रुंदी असल्यामुळे डोकं आपोआप रेघेला आकार मानायला लागतं आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेचाही विचार सुरू होतो. दहा-बारा मांडण्या झाल्याशिवाय एकही पक्की करू नका. अमेरिकन चित्रकार फ्रान्झ क्लाइनची १९५० च्या दशकातली काळी-पांढरी चित्रं एका झटक्यात फटकारल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात तो आधी टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर छोटी रेखाटनं करून ती मोठी करत असे.

रुंदी ठरवताना तीन मापं ठेवा. तीन बाय चारच्या कापडावर अडीच इंच, सव्वा इंच आणि अर्धा इंच. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या झाल्या की खिडकीचे गज दिसतात. अडीच इंची रेघा दोनच असाव्यात, तीन झाल्या तर त्या एकमेकींशी भांडतात. निदान दोन रेघा कडेबाहेर निघून गेल्या पाहिजेत, नाहीतर चित्र चौकटीत कोंडल्यासारखं होतं. रेघांमधली सगळी घरं बंद करू नका. दोन-तीन ठिकाणी रेघ मध्येच थांबू द्या, म्हणजे तिथून एक रंग दुसऱ्यात जाऊ शकेल. एकूण काळा कापडाच्या पाव भागाइतका असावा असं आमचं मत आहे. तो तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेला की चित्र काळं होतं आणि रंग झरोक्यातून डोकावल्यासारखे उरतात. मोबाइलमध्ये फोटो काढून काळा-पांढरा करा, उलटा करा, दहा फुटांवरून डोळे बारीक करून बघा. वजन एका बाजूला कलंडलं असेल तर तिथेच कळतं.

मोठं करताना रेखाटनावर अर्ध्या इंचाची आणि कापडावर सहा इंचांची चौकटी आखा. सुतारासारखं सूत मारा, पण सुताला नीळ लावू नका. बाजारातल्या निळीत बहुधा विरघळणारा रंग असतो, तो पिवळ्यातून वर येतो. खडूची भुकटी बरी. पेन्सिलही नको, तिची चकाकी फिक्या रंगातून दिसत राहते. आकृती पातळ पिवळ्या मातकट रंगाने ब्रशनेच काढा.

रंग

सुरुवातीला सगळ्या कापडावर लाल ऑक्साइडचा अगदी पातळ हात फिरवा, गेरूने सारवल्यासारखा. पुढे काळा आणि रंग यांच्यामध्ये केसभर फट राहिली तर तिथून पांढरं न दिसता ऊब दिसते. काळ्या रेघेच्या चित्रात गहिरेपणा येतो तो बराचसा या फटींतून.

रंग पाच-सहा पुरेत. लाल ऑक्साइड म्हणजे पीआर १०१, पिवळी माती पीवाय ४२, अल्ट्रामरिन निळा पीबी २९, थॅलो हिरवा पीजी ७, एक तेज लाल पीआर २५४ आणि टायटॅनियम पांढरा. तेज पिवळा लागलाच तर ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात हे रंगद्रव्याचे क्रमांक छापलेले असतात. ‘क्रिमसन’ नावावर जाऊ नका. पीआर ८३ लिहिलेला क्रिमसन उजेडात विटतो आणि आपल्याकडे ओसरीतही ऊन फार. रेडियम रंग आणि पोस्टर कलर या कामाचे नाहीत. मुख्य चार रंगांच्या साधारण १२० मिलिलिटरच्या ट्यूब आणि काळ्याचे अडीचशे मिलिलिटर धरून ठेवा.

काळ्याशेजारी कोणताही उजळ रंग जास्त उजळ दिसतो. पिवळा आणि नारिंगी तर उसळतात. पण गडद निळा, तपकिरी, गडद हिरवा काळ्यात बुडतात आणि तीन फुटांवरून रेघ कुठे संपली ते कळत नाही. निळा काळ्याशेजारी हवा असेल तर त्यात पांढरा मिसळून तो एक-दोन पायऱ्या उजळ करा, नाहीतर तिथली रेघ मुद्दाम हरवू द्या. असं एका ठिकाणी छान दिसतं, चार ठिकाणी केलं तर चित्र चिखलात जातं. पळसाचा नारिंगी, संत्र्याचा, तुरीच्या फुलाचा पिवळा हे सगळे एका चित्रात आणायचा मोह होतो. एकच राजा ठेवा, बाकीच्यांना थोडी माती मिसळून मागे बसवा.

प्रत्येक पट्टा दोन-तीन पातळ थरांत भरायचा. तेज पिवळा बहुधा पारदर्शक असतो, त्याच्या खाली आधी पांढऱ्याचा एक थर लागतो, नाहीतर गेरूवर तो मळकट होतो. लाल गहिरा करायचा असेल तर आधी नारिंगी भरा, वाळू द्या आणि वरून लाल रंग ग्लॉस मीडियममध्ये, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या चकचकीत चिकट द्रवात, पातळ करून फिरवा. पाण्याने फार पातळ करू नका. निम्म्याहून जास्त पाणी झालं की रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग कमी पडतो आणि थर बोटाला लागतो.

रंग रेघेच्या जागेत अर्ध्यापर्यंत जाऊ द्या, पण तिथे ब्रश सुका ठेवा. रेघेखाली रंगाची मेर उभी राहिली तर काळा कितीही जाड दिला तरी ती बाजूच्या उजेडात वळासारखी दिसते.

इथे फ्रेंच चित्रकार फर्नां लेजेची आठवण ठेवावी. १९५४ सालच्या त्याच्या ‘ला ग्रांद पराद’ या मोठ्या चित्रात काळं रेखाटन एकीकडे चालतं आणि रंगाचे रुंद पट्टे त्याला न जुमानता स्वतंत्र वाहतात. चित्रात निदान एक रंग रेघ ओलांडून पलीकडे जाऊ द्या. तेवढ्याने गिरवलेपणा मोडतो.

काळा

अ‍ॅक्रिलिकमध्ये तयार कार्बन किंवा मार्स ब्लॅक घ्या. वाळल्यावर तो करडा दिसतो अशी तक्रार नेहमी येते. कारण रंगात नसतं, पृष्ठभागात असतं. खरखरीत, मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे उधळतो, त्यामुळे काळ्यावर राखेचा थर बसल्यासारखं वाटतं. चार भाग रंगात एक भाग ग्लॉस मीडियम मिसळलं की खोली येते. त्याहून जास्त घातलं तर खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागतं.

सिमेंटच्या फरशीत घालायचा काळा ऑक्साइड हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतो आणि लोहाचा असेल तर तो उत्तम झाकतो. त्यात भेसळ असू शकते, म्हणून वस्त्रगाळ करा, थोडा पाण्यात ढवळून ठेवा. पाण्याला रंग चढला किंवा वाळल्यावर कडेला पांढरे क्षार उमटले तर तो वापरू नका. चांगला निघाला तर चार भाग पावडर पाच भाग अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये घोटा, आधी स्पिरिटचे दोन-चार थेंब टाका म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नाका-तोंडाला फडकं बांधा. दिव्याची काजळी मात्र टाळा. ती इतकी हलकी असते की पाण्यावर तरंगते, घरभर उडते आणि बाजूच्या पिवळ्यात शिरली की निघत नाही.

तेलरंगात करायचं असेल तर नियम बदलतात. अ‍ॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. काजळीचा आणि हाडाचा काळा भरपूर तेल पितो आणि फार उशिरा वाळतो. त्यावर दुसरा, लवकर वाळणारा रंग चढवला की वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. वावरातल्या भेगा वावरात शोभतात. म्हणून तेलात काळा सगळ्यात शेवटी आणि एकाच बैठकीत. लवकर वाळणारा काळा हवा असेल तर जळका अंबर आणि अल्ट्रामरिन मिसळा. अंबरमधल्या मँगनीजमुळे तेल लवकर धरतं आणि हा काळा मेलेला वाटत नाही. निळा वाढवला की थंड होतो, अंबर वाढवला की उबदार.

जवस आपल्याकडचंच पीक, त्याचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, म्हणून ते चित्राला चालतं. घाण्याच्या तेलात चिकट गाळ असतो, त्यामुळे चित्रकलेचं शुद्ध केलेलं तेल घ्यावं. दारांना लावायचं डबल बॉइल्ड तेल गडद पडतं. शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही. करडईचं चित्रकलेचं तेल कमी पिवळं पडतं, पण सावकाश वाळतं. पांढऱ्यात ते ठीक, काळ्यात नको.

रेघ मारणं

अडीच इंची रेघेला भिंती रंगवायचा दोन इंची ब्रश घ्या, केस राठ आणि नवे नसलेले. पिएर सुलाज हा फ्रेंच चित्रकार १९४७ च्या सुमारास अक्रोडाच्या सालीचा सुतारी रंग आणि घर रंगवायचे रुंद ब्रश घेऊन असंच काम करू लागला होता. सव्वा इंचीला एक इंची चपटा ब्रश आणि अर्ध्या इंचीला लांबी भरायची पत्र्याची पत्ती वापरून बघा, कड करकरीत येते.

रंग पिठल्याइतका सैल असावा. ब्रश उचलला की ओघळू नये, पण ओढताना अडूही नये. कापड जमिनीवर विटांवर आडवं ठेवा. उभ्या चित्रावर जाड काळा खाली सरकतो. रेघेच्या लांबीइतकं आधी कोरड्या ब्रशने हवेत दोनदा फिरवून बघा, पाय कुठे ठेवायचे ते ठरवा, मग कोपर न वाकवता खांद्यापासून ओढा. मध्येच रंग संपला तर ब्रश पुन्हा बुडवून त्याच जागेवर ठेवू नका, तिथे गाठ दिसते. चार-पाच इंच मागे, ओल्या रंगातून सुरुवात करा. रेघ संपताना ब्रश उचलायची घाई करू नका, शेवट बोथट आला तर वजन टिकतं.

क्रम भेगांचाच. जी रेघ ‘आधीची’ ठरवली ती पहिल्यांदा, पूर्ण लांबीची. ती वाळल्यावर तिला येऊन अडणाऱ्या रेघा. जोडावर दोन थरांची किंचित मेर राहते आणि काळ्यावर काळा असूनही कोणती रेघ कोणाला अडली ते तिरप्या उजेडात दिसतं. पहिला थर पातळ, दुसरा जाड, दोन्ही मिळून तीन मिलिमीटरच्या आत. उन्हाळ्यात जाड अ‍ॅक्रिलिकचा वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतला भाग आकसताना त्याला फाडतो. असे तडे भरता येतात, पण भरलेले दिसतात.

मास्किंग टेप लावू नये असं आम्हाला वाटतं. टेपची कड निर्जीव असते आणि मांजरपाटाच्या पोतावर काळा तिच्याखाली झिरपतोच. लावायचीच असेल तर टेपच्या कडेवर आधी शेजारचा रंग फिरवा, तो फटी बुजवतो, मग काळा द्या. त्याऐवजी काळा मोकळेपणाने मारून, वाळल्यावर शेजारच्या रंगाने त्याची कड कापत आणा. क्लाइनही काळ्याच्या कडा पांढऱ्याने कापत असे, त्यामुळे त्याची रेघ दोन्ही बाजूंनी घडवलेली दिसते. एका कडेला हे करा, दुसरी तशीच राठ ठेवा.

चूक झाली तर ओला काळा लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळल्यावर चुकीची रेघ झाकायला दुसऱ्या बाजूने ती रुंद करत जाणं हा सगळ्यात मोठा घात आहे. अशाने पाव भागाचा काळा बघता बघता निम्म्यावर जातो. त्याऐवजी मेर घासून काढा, पांढऱ्याचे दोन थर द्या, वाळवा आणि मूळ रंग परत भरा. पिवळा थेट काळ्यावर कधीच बसत नाही, तो शेवाळासारखा हिरवट होतो.

वाळवणं, वॉर्निश, टांगणं

अ‍ॅक्रिलिकला दोन आठवडे द्या, मग पाण्यातलं सॅटिन वॉर्निश दोन पातळ हातांत. तेलरंगाला वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. मधल्या काळात काळ्यावर निस्तेज चट्टे दिसले तर घाबरू नका, अस्तराने तेल शोषलेलं असतं. तिथे जवसाच्या शुद्ध तेलाचा पुसट हात फिरवून जादा तेल टिपून घ्या.

टिनाच्या छपराखालच्या खोलीत चित्र ठेवू नका आणि उन्हात वाळवू नका. काळा भाग पिवळ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. तापलेलं अ‍ॅक्रिलिक मऊ होतं, धूळ चिकटते, वर्तमानपत्र टेकलं असेल तर त्याची अक्षरं उमटतात. गुंडाळायचंच असेल तर चित्राच्या तोंडावर बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, मग चादर. प्लास्टिक नाही.

भिंत चुन्याची किंवा मातीची असेल तर पावसाळ्यात तिला ओल येते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे लावा, म्हणजे हवा खेळते आणि पाठीमागे बुरशी धरत नाही. त्या फटीत कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि पाली राहतात, म्हणून मागच्या बाजूला पातळ पुठ्ठा स्क्रूने बसवा आणि त्याला वर-खाली दोन-दोन छिद्रं पाडून जाळी लावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडायची. ओलं फडकं, कांदा, बटाटा असले घरगुती उपाय काळ्यावर पांढुरके पट्टे सोडतात.

पहिला पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पुठ्ठा उघडून कापड तपासा. सैल वाटलं तर आठही पाचरी आळीपाळीने, प्रत्येकी दोन हलके ठोके, आणि ठोकताना पाचर व कापड यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरा. पुन्हा पुठ्ठा लावण्याआधी मधल्या आडव्या पट्टीवर साल, अस्तराचं प्रमाण आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवा. दहा वर्षांनी कोपरा फाटला तर दुरुस्त करणाऱ्याला तेवढीच माहिती लागते.